टी-पेशी नेमकं काय ओळखते?

पीटर डोहर्टी हे मूळचे ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य. एडिंबरात मेंढ्यांच्या मेंदूतल्या संसर्गावर काम करून ते कॅनबेराला आले. तिथं 1973 मध्ये रोल्फ झिंकरनागेल हे स्विस डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. त्यांचा एकच प्रयोग आज आपण नीट पाहू.

मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक विषाणू त्यांनी उंदरांना टोचला. मग त्या उंदरांच्या टी-पेशी काढून विषाणू शिरलेल्या पेशींमध्ये सोडल्या. या पेशी त्याच वाणाच्या उंदराच्या असल्या, की टी-पेशी त्यांना मारायच्या. वाण वेगळा असला, तर विषाणू तोच असूनही ढिम्म! म्हणजे टी-पेशीला नुसता विषाणू दिसून भागत नाही. तो आपल्याच पेशीवरच्या खुणेसोबत दिसावा लागतो.

या खुणा तोवर माहीत होत्या त्या परका अवयव शरीर नाकारतं म्हणून. पण निसर्गात कोण कुणाला मूत्रपिंड देतं? मग त्या आहेत तरी कशाला? आपल्या मते प्रयोगाचं खरं मोल इथं आहे: खुणा संसर्गाची वर्दी द्यायला आहेत.

नोबेल मिळायला मात्र 1996 उजाडलं. डोहर्टी पुढं इन्फ्लुएन्झाकडे वळले. माणसामाणसांत या खुणा वेगळ्या असतात. त्यामुळे दोघांच्या टी-पेशी एकाच विषाणूचे निरनिराळे तुकडे पकडू शकतात.