घाटावरचा ढग आणि विमानातले मीठ



आषाढात लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलमध्ये बसा आणि खिडकीबाहेर पाहत राहा. लोणावळ्याला धो धो पाऊस, कामशेतला सरीवर सर, तळेगावला भुरभुर, आणि पुण्यात पुष्कळदा रस्ताही कोरडा! वर्षाकाठी लोणावळ्यात चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पुण्यात सातशेच्या आसपास. वारा तोच, मग वाटेत पाऊस गेला कुठे?

त्याचे असे आहे. समुद्रावरून आलेला ओला वारा खंडाळ्याच्या घाटाला अडतो आणि वर चढतो. वर चढलेली हवा पसरते, थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. घाटमाथा ओलांडला की हवा खाली उतरते, ऊबदार होते आणि ढग विरू लागतो. म्हणून मावळच्या पश्चिमेला भाताची खाचरे तुडुंब, तर पूर्वेला बाजरी आभाळाकडे डोळे लावून!

मोसमी वारा हजारो किलोमीटरांचा. एखादा ढग चार-दोन किलोमीटरांचा. पण पाऊस कोणत्या शिवारात पडायचा, हे पुष्कळदा या दोहोंमधल्या घडामोडी ठरवतात. घाटाची चढण, किनाऱ्यालगतचे वाऱ्याचे भोवरे, तापल्या पठारावर दुपारी गोळा होणारे वळवाचे ढग, या त्या मधल्या आकाराच्या घडामोडी.

आता कृत्रिम पावसाचे पाहू. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर मीठ पाझरते ना? ढगातही मिठाचा कण वाफ ओढून मोठा होतो, बारीक थेंबांना गिळतो आणि जड होऊन खाली येतो. आपल्या सह्याद्रीत टाटांच्या कंपनीने १९५१ साली जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून असा प्रयत्न केला होता. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे बारामतीच्या परिसरात विमानातून मीठ फवारले.

पण खरी अडचण पुढेच आहे. पाऊस पडला, तो मिठाने पडला, की पडणारच होता? आपण नव्या खताची परीक्षा कशी घेतो? एका वाफ्याला खत देतो, शेजारचा तसाच ठेवतो. शास्त्रज्ञांनीही तेच केले. आज कोणत्या भागावर फवारायचे, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. फवारलेल्या भागात सरासरी २४ टक्के अधिक पाऊस आढळला. २०१८ आणि २०१९ साली सोलापुरात याच संस्थेने २७६ ढगांवर पुन्हा परीक्षा घेतली. तेथे शंभर चौरस किलोमीटरांच्या टापूत सरासरी १८ टक्के वाढ दिसली.

मात्र एक गोष्ट गाठीला बांधा. विमान ढग तयार करीत नाही. जाड, पाणीदार ढग मुळात असावा लागतो, आणि तो आणून देतात डोंगर नि वारा. दुष्काळात निरभ्र आभाळावर मीठ उधळून काय होणार? म्हणून विमानाची वाट पाहत बांधबंदिस्ती लांबवू नका. पडेल तो थेंब आधी अडवा.

गुरुजी, एक काम तुम्हांला. लोणावळ्याची एक शाळा आणि तळेगावची एक शाळा, अशी जोडी जमवा. दोन्हीकडे पर्जन्यमापक ठेवा, रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजा आणि आठवड्याने आकडे एकमेकांना कळवा. घाटाचे शास्त्र मुले स्वतःच्या वहीत वाचतील.