जांबचे अक्षर आणि सरकारची पीडीएफ

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास अक्षर कसे काढावे याबद्दल आहे. ग्रंथ अध्यात्माचा, पण इथे समर्थ रामदास एखाद्या नव्या कारकुनाला बजावावे तसे बजावतात. शाई काळीभोर हवी. अक्षर सुटे, ठसठशीत आणि पहिल्या पानापासून शेवटापर्यंत एकाच वळणाचे हवे. ओळ ओळीला चिकटू नये, एकीचे उकार दुसरीच्या मात्रांत घुसू नयेत. चारी बाजूंनी कागद मोकळा सोडावा, म्हणजे कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहतो. आणि तरुणपणाच्या हौसेने फार बारीक लिहू नये, कारण उतारवयात तेच लिखाण निकामी होते. आकार मध्यम ठेवावा.

हे सांगणारा माणूस १६०८ साली जांब गावी जन्मला. आज हे गाव जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात येते आणि त्याच्याच नावावरून ‘जांब समर्थ’ म्हणून ओळखले जाते. तिथे दर्शनाला जाणाऱ्यांना दासबोध ठाऊक असतो, मनाचे श्लोक पाठ असतात. हा समास मात्र सहसा कुणी उघडत नाही. मला विचाराल, तर सरकारी संकेतस्थळे बनवणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा.

संकेतस्थळे अपंग व्यक्तींना वापरता यावीत म्हणून जगभर जे नियम मानले जातात, त्यांची पहिली आवृत्ती ५ मे १९९९ रोजी आली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी स्थापन केलेल्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ या संस्थेचे हे नियम ‘डब्ल्यूसीएजी’ या आद्याक्षरांनी ओळखले जातात. त्यांतली अक्षरांविषयीची कलमे वाचताना जांबची आठवण होतेच. मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडू नये. वाचकाने ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपट केले तरी काही झाकले जाऊ नये. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक पुरेसा असावा.

हा फरक किती, याचे गणित आहे. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून बनतो. आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो, निळा सर्वांत मंद. म्हणून रंगाचा उजळपणा मोजताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७ टक्के वजन देतात. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर गुणोत्तर २१ येते. त्याहून जास्त येऊच शकत नाही. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान मर्यादा ४.५ आहे. राष्ट्रध्वजासाठी संगणकावर सर्रास वापरतात त्या केशरी छटेवर पांढरी अक्षरे घेऊन मी हिशेब केला. उत्तर आले साधारण २.१. आपल्याकडच्या किती संकेतस्थळांच्या माथ्यावर अशी पट्टी असते, ते तुम्हीच आठवून पाहा.

४.५ हा आकडा आला कुठून? धडधाकट नजरेला ३ पुरते असे आधीचे मानक होते. नियम करणाऱ्यांनी साधारण ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर किती मंदावते ते धरले आणि ३ ला दीडने गुणले. म्हणजे इथेही विचार झाला तो उतारवयातल्या वाचकाचाच.

समर्थांचे नियम मात्र डोळ्यांसाठी होते. दासबोध स्वतः कानांतून कागदावर आला, समर्थांनी सांगायचे आणि कल्याणस्वामींनी उतरून घ्यायचे, अशी परंपरा आहे. आज दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तेव्हा हा प्रवास उलटा होतो. लिहिलेले पुन्हा बोलते व्हावे लागते. ते काम ‘स्क्रीन रीडर’ करतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो. संगणकावर एनव्हीडीए घेता येतो. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली आणि तो आजही फुकट मिळतो.

स्क्रीन रीडर पडद्याकडे पाहत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. ब्राउझर पानाच्या मागच्या लिखाणावरून एक उतरंड रचतो: हे शीर्षक, हा दुवा, हे बटण, हा रिकामा रकाना. स्क्रीन रीडर ती उतरंड बोलून दाखवतो. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो. दृष्टिहीन माणूस ‘एच’ कळ दाबत शीर्षकांवरून उड्या मारतो, ‘के’ दाबून दुव्यांवरून, ‘एफ’ दाबून अर्जाच्या रकान्यांवरून. कुणी शीर्षक म्हणून नुसतेच अक्षर ठळक केले असेल, तर डोळ्यांना ते शीर्षक दिसते आणि उतरंडीत नसतेच. रकान्याला नाव जोडलेले नसेल तर तिथे फक्त ‘संपादन, रिकामे’ असे ऐकू येते. नाव भरायचे, आधार क्रमांक की गट नंबर, ते ज्याने त्याने ताडायचे.

मी एकदा पडदा झाकून एका सरकारी संकेतस्थळावरची दुव्यांची यादी ऐकली. ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’. नवव्या वेळी मी पडद्यावरचा पंचा काढला. ज्याला तो काढता येत नाही, त्याने काय करावे?

इथवरच्या अडचणी जगातल्या सगळ्या भाषांच्या आहेत. मराठीची स्वतःची दुखणी याहून खोल आहेत.

युनिकोड येण्याआधी संगणकावर मराठी आणताना एक जुगाड केलेला होता. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवायचे. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘टी’ च्या घरात ज असतो, ‘के’ च्या घरात काना, ‘ए’ च्या घरात अनुस्वार, ‘सी’ च्या घरात ब. त्यामुळे तुम्हाला पडद्यावर ‘जांब’ दिसते. यंत्राच्या लेखी ते ‘टी-के-ए-सी’ असते, आणि स्क्रीन रीडर ‘ट्काक’ असे काहीतरी म्हणून पुढे जातो. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. ज म्हणजे २३३२, काना २३६६, अनुस्वार २३०६, ब २३४८. हे चार आकडे कुठल्याही फॉन्टात, कुठल्याही फोनवर जांबच राहतात. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तरीही जुन्या फॉन्टांतल्या याद्या आणि पत्रके अजून संकेतस्थळांवर पडून आहेत.

मग युनिकोडात टाइप केले की झाले? पीडीएफ आडवी येते. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारायची व्यंजनानंतर आणि काढायची त्याच्या आधी. साठवताना ती व्यंजनानंतर असते, चितारताना आधी येते. रफारही तसाच: उच्चार आधी, आकार नंतर. पीडीएफचा जन्मच मुळी पान सगळीकडे सारखे दिसावे आणि छापले जावे यासाठी, म्हणून ती आकार कुठे छापायचा एवढे नेमके जपते. मूळ अक्षरे कोणती, याची नोंद सोबत नीट ठेवली नाही तर आकारांचा क्रमच उरतो. अशा फायलीतून ‘समिती’ उचलून दुसरीकडे चिकटवा, कधी ‘सिमती’ मिळते. ‘निर्णय’ या शब्दाची तर पुरती खिचडी होते. कागदावर छापलेला शासन निर्णय अगदी सुबक असतो. ऐकणाऱ्याला तो कळत नाही.

त्याहून वाईट ते स्कॅन. पत्र संगणकावरच टाइप होते, छापले जाते, सही-शिक्का होतो आणि कागदाचा फोटो काढून तो संकेतस्थळावर चढतो. आता त्यात एकही अक्षर नाही, ते नुसते चित्र आहे. चित्रातून अक्षरे ओळखणारी ओसीआर यंत्रणा मराठीसाठीही आहे, पण शिरोरेषेने जोडलेली अक्षरे, तिरका कागद आणि नेमका तारखेवर उमटलेला गोल शिक्का यांपुढे ती चुकते. गंमत अशी की शासन निर्णयांच्या शेवटी तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे वाक्य नेहमी असते. कागदाच्या फेऱ्याशिवाय सही करण्याची सोय सरकारकडे आहेच. खालच्या कार्यालयांत ती सवय पोचायची आहे.

आता आवाजाचे. पान कोणत्या भाषेत आहे हे त्याच्या मागे दोन अक्षरांत लिहायचे असते, मराठीसाठी ‘एमआर’. ते राहून गेले, किंवा हिंदीचा साचा उचलताना तिथे हिंदीच राहिली, तर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जाऊ शकतो. ‘चारा छावणी’तला चा हिंदी ढंगाने येतो, २५ चे पच्चीस होतात. आणि ‘७/१२’ लिहिले असेल तर यंत्र त्याला सातबाराच म्हणेल याची खात्री नाही. त्याला तो अपूर्णांकही वाटू शकतो आणि तारीखही. ज्या शब्दावर गावातले निम्मे व्यवहार चालतात, तो ‘सातबारा’ असा अक्षरांत लिहिणे काही महाग नाही.

कॅप्चाबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून ‘मी यंत्र नाही’ हे सिद्ध करायला लावणारी ही युक्ती यंत्रांना आता फारशी अडवत नाही, दृष्टिहीनांना मात्र हमखास अडवते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजीच्या २.२ आवृत्तीत, ओळख पटवण्यासाठी असे कोडे घातले तर दुसरा सोपा मार्गही द्या, असे कलम आले आहे.

कायद्याने हे सगळे कधीच सांगून ठेवले आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीची देशाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. २०२३ची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजीच्या २.१ या आवृत्तीवर उभी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम्य करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रियांना ‘केवायसी’साठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवता येत नव्हती, ही एक याचिका; दुसरी एका दृष्टिहीन व्यक्तीची होती. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि वीस निर्देश दिले. ऑस्ट्रेलियात अशी लढाई खूप आधी झाली. सिडनी ऑलिंपिकचे संकेतस्थळ वापरता येत नाही म्हणून ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन गृहस्थांनी १९९९ मध्ये तक्रार केली, आणि २००० साली आयोजकांना २०,००० डॉलर भरण्याचा आदेश झाला.

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेत २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यापैकी अनेकांना वैश्विक ओळखपत्र, निराधार अनुदान, उत्पन्नाचा दाखला यांसाठी संकेतस्थळाच्या दारात यावेच लागते. खेड्यात ते बहुधा आपले सरकार सेवा केंद्रातल्या मुलाकडून अर्ज भरून घेतात. तो मुलगा मदतच करतो, याबद्दल वाद नाही. पण आधार क्रमांक, बँकेचे खाते आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती देऊन मिळणारी सेवा ही स्वतः वापरलेली सेवा नव्हे.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी एक तयार साचा केला आहे. त्याच्या नावातच ‘सुगम्य’ हा शब्द आहे आणि ते काम चांगले झाले आहे. माझा राग आहे तो कोपऱ्यातल्या बटणांवर. अक्षर मोठे, अक्षर लहान, रंग उलटा, चाकाच्या खुर्चीचे चिन्ह, एवढे लावले की साहेबांना वाटते संकेतस्थळ सुगम्य झाले. ज्याला अक्षर मोठे हवे असते तो आपल्या फोनमध्येच ते करून ठेवतो. स्कॅन केलेल्या पत्रातले अक्षर कुठल्याही बटणाने जिवंत होत नाही. एक ओळ जोडली की संकेतस्थळ आपोआप सुगम्य होते, असे सांगत आपले साधन विकणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले.

खरी दुरुस्ती साच्यात होत नाही, ती पत्र टाइप करणाऱ्या टेबलावर होते. शीर्षकाला शीर्षकाची शैली द्यायची, मजकूर युनिकोडात ठेवायचा, छापून स्कॅन करण्याऐवजी थेट फाइलच चढवायची आणि दुव्याला ‘पीक विमा अर्ज’ असे पूर्ण नाव द्यायचे. यासाठी निविदा काढावी लागत नाही.

तुम्ही डोळस असलात तरी दोन गोष्टी आजच करून पाहा. आपल्या तालुक्याची किंवा जिल्ह्याची कुठलीही सरकारी पीडीएफ उघडा, त्यातली एक ओळ उचला आणि स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर चिकटवा. मग माउसला हात न लावता फक्त टॅबची कळ दाबत एक अर्ज शेवटपर्यंत भरून पाहा. ओळ उचललीच गेली नाही, तिची खिचडी झाली, किंवा अर्ज मध्येच अडला, तर त्याच संकेतस्थळावरचे ‘अभिप्राय’ हे पान शोधा आणि पत्राचा क्रमांक, तारीख देऊन तिथे तक्रार लिहा. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला लिहा. मात्र युनिकोडातच लिहा.