डोलकाठीपासून समुद्रापर्यंत

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तळ खरवडायचा, डागडुजी करायची ती याच दिवसांत. रत्नागिरीजवळ ओढून ठेवलेल्या एका फायबरच्या नौकेवर लाइटनिंग अरेस्टर बसत होता, ते काम मी मिस्त्रींच्या शेजारी बसून पाहिलं.

पोलादी जहाजावर वीज पडली तर ती कवचातूनच पाण्यात उतरते. लाकूड किंवा फायबर तिला तशी वाट देत नाही. मग ती तळाला भोक पाडूनही समुद्र गाठते. म्हणून डोलकाठीच्या टोकावर, अँटेनापेक्षा उंच, तांब्याची सळई. तिथून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार थेट तळाच्या तांब्याच्या पट्टीपर्यंत. खाऱ्या पाण्यात ही पट्टी किमान एक चौरस फुटाची तरी हवी.

केबिनच्या कोपऱ्यात नौकेच्या तांडेलांनी तार काटकोनात दुमडली. "तांडेल, अशी नको. तिथून वीज उडी मारेल," मिस्त्री म्हणाले आणि वळण सैल, गोलाकार करून घेतलं. विजेचा हजारो अँपिअरचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढतो. तीव्र वळणाला तो तार सोडून शेजारच्या वायरलेसवर, नाहीतर माणसावर झेपावतो. इंजिन आणि डिझेलची टाकीही याच तारेला जोडतात, म्हणजे मधल्यामध्ये ठिणगी पडत नाही.

पूर्वी जहाजांवर वादळ दिसलं की वीज उतरवणारी साखळी डोलकाठीवर चढवत, आणि पुष्कळदा ती पेटीतच राही. विल्यम स्नो हॅरिस यांनी तांब्याच्या पट्ट्या डोलकाठीतच कायमच्या बसवल्या. १८३१ साली डार्विनला घेऊन निघालेल्या 'बीगल'वर त्याच होत्या.

तळाच्या पट्टीची एक अडचणही असते: तांबं आणि पोलाद खाऱ्या पाण्यात जोडलं की पोलाद झिजतं. त्यासाठी जस्ताच्या वड्या लावतात. आधी त्या झिजतात. तळाला रंग देणाऱ्याचा ब्रश पट्टीकडे सरकला तेव्हा मिस्त्रींनी तिच्यावर कागदी टेप चिकटवला, कारण रंगाखाली पट्टी निकामी होते. फिश फाइंडर घेताना होते तेवढी चौकशी या पट्टीचीही व्हायला हवी.

शेवटी मीटर लावला. टोकापासून पट्टीपर्यंतचा रोध एका ओहमपेक्षा जास्त आला. एका वॉशरखाली जुना रंग राहिला होता. पॉलिश पेपरने घासून बोल्ट पुन्हा आवळला, तेव्हा आकडा खाली आला. ऑक्टोबरात दुपारनंतर ढग चढले की अँटेनाची वायर आधीच काढायची आणि वीज कडाडत असताना डोलकाठीला कुणी टेकायचं नाही, एवढं तांडेलांना बजावून मिस्त्री पुढच्या नौकेकडे गेले.