मुलुंड

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या ईशान्य टोकावरील उपनगर. ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने सु. ३२ किमी. अंतरावर, ठाणे शहराला लागून आहे. पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर व पूर्वेस ठाण्याची खाडी यांमधील चिंचोळ्या पट्ट्यात ते वसले आहे. साष्टी बेटातील या गावावर पोर्तुगीज (१५३४–१७३९), मराठे (१७३९–७४) व त्यानंतर इंग्रज यांची सत्ता होती. भातशेती व खाडीकाठची मिठागरे ही येथील उपजीविकेची जुनी साधने होत.

बोरीबंदर–ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. तो मुलुंडच्या शिवारातून जात असला, तरी केवळ लोहमार्गामुळे गावाचे नगर झाले नाही, त्यास सु. सात दशके लागली. १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर मुंबईतील दाट वस्तीचे धोके प्रकर्षाने जाणवले. १८९८ मध्ये नगर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि १९१५ मध्ये मुंबई इलाख्यासाठी नगररचना अधिनियम संमत झाला. या पार्श्वभूमीवर झवेरभाई रामजी श्रॉफ या जमीनदारांनी १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुशिल्पज्ञांकडून मुलुंडचा आराखडा करवून घेतला. त्यानुसार स्थानकापासून पाच रस्ता चौकापर्यंत एकमेकांस काटकोनात छेदणारे रस्ते आखण्यात आले.

स्थानकाभोवती चौकटीबद्ध गाव आखण्याची पद्धत अन्यत्रही आढळते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलिनॉय सेंट्रल लोहमार्गावरील अनेक गावे एकाच ठरावीक नमुन्यानुसार आखली गेली. तेथील गावे बहुधा मोकळ्या माळावर, लोहमार्गाबरोबरच वसली. मुलुंडमध्ये मात्र जुने गाव व लोहमार्ग आधीच अस्तित्वात होते आणि पुढाकार जमीनमालकाचा होता. घरांपूर्वीच रस्ते निश्चित झाल्याने पुढे बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती आल्या, तरी पश्चिम मुलुंडच्या मध्यभागाची मूळ चौकट टिकून राहिली. लोहमार्गाच्या पूर्वेकडील वस्ती या आराखड्याबाहेर, स्वतंत्रपणे वाढली.

फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वसाहत पश्चिमेकडे डोंगराच्या पायथ्याशी झाली. ती मुलुंड कॉलनी म्हणून ओळखली जाते. स्वातंत्र्योत्तर काळात लाल बहादूर शास्त्री मार्गालगत औषधनिर्मिती, अभियांत्रिकी इ. उद्योग उभे राहिले. पुढे त्यांपैकी अनेक बंद पडून त्यांच्या जागी निवासी व व्यापारी संकुले आली.

मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत व १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. तेव्हापासून मुलुंड हे महानगराचे वेशीवरील उपनगर बनले. सीमेवरील या स्थानाचे लाभ व भार दोन्ही त्याच्या वाट्यास आले. शहरात येणाऱ्या मालावरील जकातीचा नाका येथे होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर जकात रद्द झाली. पूर्वेकडील कचराभूमीवर अनेक दशके शहराचा कचरा टाकला जात असे. ती २०१८ मध्ये बंद करण्यात आली. विनायक गणेश वझे महाविद्यालय (स्थापना १९८४) व महाकवी कालिदास नाट्यमंदिर ही येथील प्रमुख शैक्षणिक व सांस्कृतिक केंद्रे होत. रस्त्यांची आखणी नगराला दीर्घकाळ आकार देऊ शकते, परंतु आराखड्याच्या कडेबाहेर काय घडेल हे तिच्या हाती नसते, हे मुलुंडच्या वाढीवरून दिसून येते.