घर मुलाच्या नावावर केले, आता परत मिळेल?

हयातीतच घर मुलाच्या नावावर करून दिले आणि नंतर त्याने विचारणेच सोडले, तर? 'बक्षीसपत्र झाले, हक्क संपला' असे समजून ज्येष्ठ गप्प बसतात. पण दाद मागता येते.

कुठे जायचे?
आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार प्रांताधिकारी न्यायाधिकरणाचे काम पाहतात. टिटवाळ्यातील ज्येष्ठांना कल्याणच्या प्रांत कार्यालयात अर्ज करता येतो. स्वतः जाणे जमत नसेल, तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देता येतो.

काय मिळते?
दरमहा कमाल १० हजार रुपये निर्वाह भत्ता. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि घर?
कलम २३ नुसार बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. मात्र घर सांभाळाच्या अटीवर दिले होते, हे दिसायला हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. मध्य प्रदेशातील एका आईच्या कागदपत्रांत ही अट होती. २ जानेवारी २०२५ रोजी तिचे बक्षीसपत्र रद्द झाले. घर अजून ज्येष्ठांच्याच नावावर असेल, तर मुलाला बाहेर काढण्याचा आदेशही निघू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईतील ८० वर्षांच्या वडिलांना असाच दिलासा मिळाला.

म्हणून सही करण्यापूर्वी सांभाळाची अट बक्षीसपत्रात लिहिली आहे का, ते वाचून घ्या. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन : १४५६७.