मंद्र स्वराचें वाद्य : बेताच्या खर्चांत बास गिटार कशी निवडावी?

अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड या आपल्या किनाऱ्यावरील घरांतून पेटी, तबला, क्वचित् तंबोराही परिचयाचा असतो आणि त्यांची पारख वडील मंडळींस असते. परंतु घरांतील मुलगा अगर मुलगी बास गिटारीचा हट्ट धरूं लागली, कीं हीच जाणती मंडळी बुचकळ्यांत पडतात. वाद्य अनोळखी, किंमत बरीच, आणि शिक्षण तडीस जाईल याची शाश्वती नाहीं. तेव्हां "सर्वांत स्वस्त असेल ती आणा, पुढें पाहूं" असा निकाल होतो. हा निकाल काटकसरीचा दिसतो, पण बहुधा तोच महाग पडतो. वाईट वाद्यावर तारा दाबतांना बोटें दुखतात, स्वर लागत नाहीं, आणि नवशिक्यास वाद्याचा दोष स्वतःचाच वाटूं लागतो. मग वाद्य माळ्यावर जातें आणि त्याबरोबर मुलाची उमेदही जाते. पैसा गेल्यापेक्षां ही हानि मोठी आहे.

प्रथम हें वाद्य काय आहे तें पाहूं. नेहमींच्या बास गिटारीस चार जाड तारा असतात. साध्या गिटारीच्या खर्जाकडील चार तारांहून त्या एक सप्तक खालीं लावतात. सर्वांत जाड तारेचीं आंदोलनें सेकंदास सुमारें ४१ होतात. म्हणजे पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाहूनही ती खालीं बोलते. १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं पडदे असलेली विजेची बास बाजारांत आणली. तत्पूर्वीं हें काम मुख्यतः पुरुषभर उंचीच्या डबल बासकडे असे. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ यांनीं हें वाद्य वाजविलें. आणि मुंबईंत वाढलेल्या मोहिनी दे यांचें वादन ऐकल्यावर हें मुलींचें वाद्य नव्हे, असें म्हणण्यास कोणास जागा उरत नाहीं.

आतां पैसा कोठें घालावा? चकचकीत रंग, लाकडाचें नांव, सोनेरी खुंट्या यांकडे पाहूं नये. या वाद्याचा प्राण त्याच्या दांडींत आहे. चार जाड तारांची ओढ ती अहोरात्र सोसते. दांडीच्या पोटांत एक लोखंडी सळई असते; ती फिरवून दांडीचा बांक कमीअधिक करतां येतो. ही सळई फिरेनाशी झाली असेल, अगर दांडीस पीळ पडला असेल, तर वाद्य फुकट मिळालें तरी घेऊं नये. यामाहा, आयबानेझ, कोर्ट, किंवा फेंडरचीच स्वस्त जात जी स्क्वायर, यांचीं आरंभीचीं वाद्यें आज यंत्रांवर बऱ्याच काटेकोरपणें तयार होतात. नवशिक्यास तीं पुरेशीं आहेत. तारांची बोलती लांबी सामान्यतः ३४ इंच असते. हात लहान असल्यास ३० इंचांची आंखूड बास घ्यावी.

दुकानांत परीक्षा अशी करावी. वाद्य डोळ्यासमोर धरून दांडीच्या कडेवरून, काठी सरळ आहे कीं नाहीं हें पाहावें तसें, पाहावें. मग एकच तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळीं दाबावी. मध्यें पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट दिसली म्हणजे बांक ठीक आहे. नंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून कोठें खरखर होते काय तें ऐकावें. बारावा पडदा सप्तकाचा. तेथें दाबलेली तार मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकांत बोलली पाहिजे. थोडा फरक घोडीवरील स्क्रूनें काढतां येतो. उंचसखल पडद्यांची खोड मात्र अशी सहज जात नाहीं. या परीक्षेस घरांतील गाणारी आत्या किंवा काकू बरोबर न्यावी. तिला गिटार ठाऊक नसली तरी बेसूर तिच्या कानास त्वरित कळतो.

तारांखालच्या 'पिकप'मध्यें लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार हालली, कीं चुंबकाचें क्षेत्र ढवळतें आणि वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. आसपासच्या विजेनें असें क्षेत्र कसें बिघडतें, हें अलिबागकरांस सांगावयास नको. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचें चुंबकीय काम इकडे आणावें लागलें, आणि १९०४ पासून अलिबागेस वेधशाळा आहे. तेव्हां वाद्य विजेस जोडून, त्याचीं बटणें फिरवून, भुणभुण व करकर किती होते हें ऐकल्याविना पैसे देऊं नयेत.

सारे पैसे वाद्यांतच घालूं नयेत. शंभर रुपयांपैकीं सत्तर वाद्यास, वीस ध्वनिवर्धकास आणि दहा जाणत्या कारागिराकडून जुळणी करून घेण्यास ठेवावे. ध्वनिवर्धक लहान, पण कानांस लावावयाच्या हेडफोनची सोय असलेला घ्यावा. एकत्र कुटुंबांत आजोबांची दुपारची झोंप आणि दुसऱ्या भावंडाची परीक्षा यांचाही विचार हवा.

खरेदीस मुंबईस जावें. मांडव्याहून भाऊच्या धक्क्यास जाणारी रो-रो नौका मार्च २०२० पासून सुरू आहे. तेथून धोबी तलाव दूर नाहीं. १८६५ सालीं स्थापन झालेली फुर्ताडो ही वाद्यांची पेढी तेथें आहे. जुनें वाद्य मिळत असल्यास पैसा वांचतो. मात्र तें हातीं घेऊन वरील सर्व परीक्षा कराव्या आणि मूळ पावती मागावी.

शेवटीं आपल्या हवेविषयीं. दुकानांतील थंड, कोरड्या हवेंतून वाद्य किनाऱ्यावर आलें, कीं लांकूड ओलावा पिऊं लागतें. म्हणून घरीं दोनेक आठवडे राहूं द्यावें आणि मगच जुळणी करावी. खारा वारा तारांस व स्क्रूंस गंज आणतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्यानें पुसाव्या, पेटींत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या, आणि पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या भिंतीवर वाद्य टांगूं नये. तंबोऱ्यास जी निगा आपण देतों, तीच येथें पुरेशी आहे.

मूल पुढें वादक होवो अगर न होवो. आपल्या बोटांनीं काढलेला स्वर खरा लागला, हा अनुभव त्यास एकदां तरी यावा. तेवढ्यासाठीं महाग वाद्य लागत नाहीं, खरें वाद्य लागतें.