ग्रंथदानाचा हिशोब

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी घरांत दोन मंगल कार्ये एकाच दिवशी घडतात. लाभपंचमी म्हणून पेढी पुन्हा उघडते आणि नव्या वहीत पहिला व्यवहार लिहिला जातो. श्वेतांबर परंपरेत हीच तिथी ज्ञानपंचमी असल्याने ग्रंथांचेही पूजन होते. दिगंबर परंपरेत श्रुताराधनेचा दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमी म्हणून येतो. वही आणि ग्रंथ यांना असा सारखाच मान देणाऱ्या समाजात एक फरक मात्र दिसतो. दुकानातील मालाची मोजदाद दरवर्षी होते. घरच्या कपाटात कोणते ग्रंथ आहेत, किती आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत, याची यादी फार थोड्या घरांत असते. ती नसल्याने काय गमवावे लागते, याचा प्रत्यय एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, बैठकांनी भरलेल्या एका दिवसात आला.

धान्याच्या आडतीचा पिढीजात व्यवसाय असलेल्या जैन कुटुंबातील एक कन्या ग्रंथालय व माहितीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे ती महाराष्ट्रातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रशिक्षणार्थी होती. पुस्तके द्यायची, परत घ्यायची आणि फळीवर लावायची, यात शिकण्यासारखे ते काय, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी विचारला होता. त्या दिवशी तिच्या हातून एकही पुस्तक फळीवर लागले नाही. सकाळी साडेदहापासून सायंकाळपर्यंत चार बैठका झाल्या आणि चारही बैठकांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम तिच्याकडे होते.

रोजमेळ आणि खतावणी

पहिली बैठक ग्रंथखरेदी आणि तालिका या विभागांची होती. ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक प्रथम दाखल नोंदवहीत चढते. तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, कोठून आले आणि त्याला मिळालेला दाखल क्रमांक, असा त्याचा क्रम असतो. त्यानंतर त्याच पुस्तकाची नोंद तालिकेत लेखक, शीर्षक आणि विषय यांखाली होते. मुनीमजींच्या हाताखाली बसलेल्या कोणालाही ही पद्धत परकी वाटणार नाही. दाखल नोंदवही म्हणजे तारखेनुसार चालणारा रोजमेळ आणि तालिका म्हणजे खात्यांनुसार लावलेली खतावणी. रोजमेळात चढले पण खतावणीत उतरले नाही, असे पुस्तक ग्रंथालयात असूनही वाचकाला सापडत नाही.

त्या सकाळी चर्चा रंगली ती विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ या ग्रंथावरून. माहाराष्ट्री प्राकृतातील हे रामकथेचे काव्य. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरण पद्धतीत जैन धर्माला २९४.४ आणि प्राकृत साहित्याला ८९१.३ हे अंक आहेत. प्रत एकच असल्याने ती कोणत्या फळीवर ठेवावी, हा प्रश्न होता. धर्माच्या फळीवर ठेवली तर प्राकृतचा अभ्यासक तिला मुकतो. साहित्याच्या फळीवर ठेवली तर जैन रामकथा शोधणाऱ्याला ती दिसत नाही. अखेरीस ग्रंथ साहित्यात ठेवावा आणि तालिकेत त्याला जैन रामकथा, प्राकृत काव्य व रामायण परंपरा असे तिन्ही विषय द्यावेत, असे ठरले. एका ग्रंथावर वीस मिनिटे गेली. पण पुढे तीन वेगवेगळ्या वाटांनी येणारे वाचक त्याच ग्रंथापर्यंत पोहोचू शकणार होते.

नियतकालिके आणि निर्लेखन

दुसरी बैठक नियतकालिकांच्या खर्चाविषयी होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या या योजनेतून ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० संशोधन नियतकालिके देशातील ६,३०० हून अधिक शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना संगणकावर वाचता येतात. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र तिचे संयोजन करते. त्यामुळे विद्यापीठाला स्वतंत्रपणे घ्यावी लागणारी काही महागडी नियतकालिके आता यादीतून वगळता येणार होती.

बचत झालेली रक्कम कोठे वळवावी, यावर मात्र मतभेद झाले. नियतकालिक विभागाच्या ज्येष्ठ मॅडमनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. परदेशी प्रकाशकांचे अंक आज ना उद्या कोठेतरी मिळतील. जिल्ह्याच्या गावांतून निघणारी मराठी मासिके आणि समाजाची मुखपत्रे यांची वर्गणी नाममात्र असते. पण त्यांचा अंक एकदा हुकला की पुन्हा मिळत नाही. अशी मासिके बंद केली तर कोणी तक्रार करत नाही, म्हणून कपातीत तीच प्रथम जातात. त्या वर्षी त्यांना हात लावू नये, असा निर्णय इतिवृत्तात नोंदवला गेला.

तिसरी बैठक पडताळणीची. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथांच्या मोजदादीचे स्वतंत्र कलम आहे. २०,००० पर्यंत ग्रंथ असल्यास दरवर्षी संपूर्ण पडताळणी, ५०,००० पर्यंत असल्यास तीन वर्षांतून एकदा आणि त्याहून अधिक असल्यास किमान तीन वर्षांतून एकदा नमुना पडताळणी करावी, असे ते सांगते. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल, तर ती हानी स्वाभाविक मानली जाते. दुर्मिळ ग्रंथ मात्र किंमत कितीही असो, गहाळ झाल्यास चौकशी करावीच लागते. धान्याच्या गोदामातील घट-तूट लहानपणापासून ऐकलेल्या त्या विद्यार्थिनीला हा नियम चटकन उमगला.

याच बैठकीत निर्लेखनाचा, म्हणजे निरुपयोगी ग्रंथ नोंदीतून कमी करण्याचा विषय निघाला. दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेले पुस्तक ठेवावे का? मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हा वापरासाठी असतो आणि प्रत्येक ग्रंथाचा कोणीतरी वाचक असतोच, हे दोन्ही विचार त्यांत आहेत. त्यामुळे निर्लेखनाच्या बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघांनीही रंगनाथन यांचाच आधार घेतला. जुन्या आवृत्तीची पाठ्यपुस्तके काढावीत, पण राज्यात अन्यत्र ज्यांची प्रत नाही अशी पुस्तके ठेवावीत, यावर एकमत झाले. अन्यत्र प्रत आहे की नाही, हे शोधण्याचे कंटाळवाणे काम अर्थातच प्रशिक्षणार्थींकडे आले.

तीन कपाटांचा प्रस्ताव

चौथी बैठक दुपारी साडेतीनला सुरू झाली. विषयपत्रिकेवर शेवटचा विषय होता, ‘देणगी ग्रंथांचा प्रस्ताव’. शेजारच्या जिल्ह्यातील एका व्यापारी कुटुंबाचे पत्र आले होते. भावंडांत वाटणी झाल्याने जुना वाडा पाडायचा होता. आजोबांनी जमवलेली तीन कपाटे भरून पुस्तके विद्यापीठाला दान करण्याची कुटुंबाची इच्छा होती. अटी दोन. आजोबांच्या नावाचा स्वतंत्र कक्ष असावा आणि एकही ग्रंथ बाहेर देऊ नये. पत्रासोबत सुमारे अडीचशे छापील ग्रंथांची नावे होती आणि शेवटी एक ओळ होती, ‘शिवाय जुने अंक, वह्या व किरकोळ कागद’.

ग्रंथ तालिकेशी ताडून पाहण्याचे काम त्या विद्यार्थिनीने आधीच्या तीन दिवसांत केले होते. तिचा अहवाल कुटुंबाला रुचण्यासारखा नव्हता. बहुतेक छापील ग्रंथांच्या प्रती विद्यापीठात आधीच होत्या. जागेची अडचण होती. दमट कपाटातील पुस्तके थेट आणली तर कसर इतर ग्रंथांना लागण्याची भीती होती. ज्या कक्षातून ग्रंथ बाहेर जाणार नाही, तो कक्ष उघडायला आणि राखायला वेगळा कर्मचारी लागतो, तोही नव्हता. सामान्यतः असा प्रस्ताव आभार मानून परत पाठवला जातो.

अहवालाच्या शेवटी मात्र तिने पत्रातील त्या अखेरच्या ओळीखाली रेघ मारून टीप लिहिली होती. जुने अंक कोणत्या मासिकाचे, वह्या कोणत्या काळातील, कागद कशाचे, हे विचारल्याशिवाय नकार देऊ नये. आडतीच्या जुन्या वह्यांत कोणत्या सालात ज्वारीचा भाव काय होता, हुंडी कोणत्या गावावर लिहिली गेली, दुष्काळात धर्मादाय खात्यातून किती धान्य गेले, अशी माहिती असते. ती कोणत्याही छापील पुस्तकात मिळत नाही. अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्या संशोधकाला अडीचशे छापील ग्रंथांपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

ग्रंथालयाच्या संचालकांनी बैठक चालू असतानाच कुटुंबाला दूरध्वनी करण्यास सांगितले. उत्तर मिळाले ते असे. छापील ग्रंथ जपून ठेवले होते. वह्याही होत्या, कारण कुंकवाचे स्वस्तिक काढलेली, पूजेत बसलेली वही रद्दीत द्यायला घरातील वृद्ध आजीने नकार दिला होता. समाजाच्या मासिकाचे बांधीव अंक, मंदिराच्या जीर्णोद्धाराची पत्रके आणि पत्रव्यवहार मात्र मागच्याच आठवड्यात रद्दीवाल्याने किलोवर नेले होते. त्यांत काय होते याची यादी नसल्याने नेमके काय गेले, हेही आता कोणाला सांगता येणार नव्हते.

बैठकीत काही क्षण कोणी बोलले नाही. मग संचालकांनी निर्णय सांगितले. येत्या शनिवारी दोन कर्मचारी आणि ही प्रशिक्षणार्थी वाड्यावर जातील. वह्या विद्यापीठ घेईल. ग्रंथालयात नसलेले छापील ग्रंथही घेईल आणि प्रत्येकावर आजोबांच्या नावाची चिठ्ठी लावली जाईल. दुबार प्रती पाठशाळांना आणि गावच्या वाचनालयांना देण्याविषयी कुटुंबाला विनंती केली जाईल. कक्ष आणि बंदी या दोन्ही अटी मागे घ्याव्यात, असे आदरपूर्वक कळवले जाईल. ते पत्र लिहिण्याचे काम तिलाच मिळाले. दात्याच्या भावनेचा मान राखून नकार कसा कळवावा, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. घरच्या पेढीवर मात्र तिने ते अनेकदा पाहिले होते.

एका यादीने काय साधले

यादीचे मोल जैन समाजाला नवे नाही. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील मंदिरांत भट्टारक परंपरेने जपलेली हस्तलिखितांची भांडारे आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांनी केलेली सूची १९२६ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध झाली आणि कारंजाचे अपभ्रंश ग्रंथ विद्वानांच्या दृष्टीस आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत कारंजा जैन ग्रंथमालेत महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये आणि ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये संपादित केले. मराठीसारख्या भाषांच्या जडणघडणीचा अभ्यास करणाऱ्यांना हे ग्रंथ मोलाचे ठरले. ते शतकानुशतके भांडारात सुरक्षित होतेच. सूचीमुळे ते वाचले जाऊ लागले.

याच मार्गाने पुढे ह. दा. वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ १९४४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातून निघाला. त्यात जैन ग्रंथांची वर्णानुक्रमे नोंद आहे. सोलापूरचे ब्र. जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ज्या कार्याला वाहिली, त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. व्यापारातून मिळवलेले धन श्रुतसेवेत कसे लावावे, याचा तो आदर्श आहे.

घरोघरी करता येण्यासारखे

शास्त्रदानाची भावना बाळगणाऱ्या कुटुंबांसाठी त्या दिवसाच्या चर्चेतून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. वाडा पाडण्यापूर्वी किंवा वाटणीपूर्वी कपाटातील प्रत्येक वस्तूची यादी करावी. ग्रंथाचे नाव, साल आणि भाषा एवढे लिहिले तरी पुरे. किरकोळ वाटणारे कागद, अंक, निमंत्रणे आणि वह्या यादीत प्रथम घ्याव्यात, कारण त्यांची दुसरी प्रत कोठेच नसते. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कागदाला डाग पाडतो. हस्तलिखित पोथी असल्यास ती स्वच्छ सुती कापडात गुंडाळून जाणकारांना दाखवावी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झालेल्या ज्ञानभारतम् मोहिमेत खासगी संग्रहांतील हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचाही समावेश आहे.

कीटकांविषयी पूर्वजांची रीत आजही उपयोगी आहे. भांडारांत पोथ्यांजवळ वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवत, म्हणजे जीव मारण्याचा प्रसंगच येत नसे. पावसाळा संपल्यावर येणाऱ्या ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढून, झाडून, हवेशीर ठेवून पुन्हा बांधण्यामागे हाच विचार आहे. त्या दिवशी पूजनासोबत यादीही ताडून पाहिली, तर वर्षाची मोजदाद आपोआप होईल.

ज्यांना ग्रंथालयाला आर्थिक साहाय्य करायचे आहे, त्यांनी कपाटाऐवजी नोंदीच्या कामाचा विचार करावा. नावाची पाटी असलेली कपाटे पुष्कळ ग्रंथालयांत आहेत. त्यांतील ग्रंथांची सूची करण्यासाठी, जुन्या मासिकांची छायांकित प्रत काढण्यासाठी किंवा मोडी वाचणाऱ्या जाणकाराच्या मानधनासाठी मात्र निधी नसतो. आणि घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा ग्रंथपाल होऊ इच्छित असेल, तर त्यात शिकण्यासारखे काय, या प्रश्नाचे उत्तर पेढीवरच्या जुन्या मुनीमजींना विचारावे. नोंद ठेवणाऱ्या माणसाची किंमत त्यांना ठाऊक असते.